२६ तारीख, तर्री पोहे आणि फुकटची फायनल

महिन्याच्या २६ तारखेला तुमच्याकडे किती पैसे उरतात? खरं सांगा. बॅलन्स बघायला यूपीआयचा पिन टाकायची हिंमत होते का? २०२५ च्या २६ फेब्रुवारीला माझ्याकडे २३४ रुपये होते. मेस बंद होती. आणि घरी फोन करून पैसे मागायची सोय नव्हती, कारण मग आधीचे पैसे कुठं गेले तेही सांगावं लागलं असतं.

ते गेले होते विराट कोहलीकडे.

म्हणजे झालं असं. ६ फेब्रुवारीला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती. मी नागपुरात गेली चार वर्षं राहतेय आणि कोहलीला आजवर फक्त मोबाइलच्या पाच इंची स्क्रीनवर पाहिलंय, तेही बफरिंगसकट. त्यामुळं मेसवाल्या काकूंना महिन्याऐवजी पंधरा दिवसांचेच पैसे दिले आणि उरलेल्यांतून तिकीट काढलं. तिकीट, जाणं-येणं आणि खाणं मिळून १,४०० रुपये गेले. १८ नंबरची जर्सी मैत्रिणीकडून उसनी घेतली. तासभर आधी जाऊन बसले. नाणेफेकीला रोहित शर्मा आला आणि म्हणाला, विराटचा गुडघा दुखतोय, तो आज खेळत नाहीये.

तुम्ही कधी उसन्या जर्सीत, उपाशीपोटी, हजारो लोकांच्या मधोमध एकटं पडल्यासारखं अनुभवलंय?

तशी मॅच झकास झाली. कोहलीच्या जागी श्रेयस अय्यर आला आणि ३६ चेंडूंत ५९ ठोकून गेला. तो मूळ अकरात नव्हताच म्हणे. आदल्या रात्री सिनेमा बघत बसला होता आणि कॅप्टनचा फोन आला. शुभमन गिलच्या ८७ धावा, भारत चार गडी राखून जिंकला. पण विजयी फटका मी पाहिलेला नाही. आमच्या होस्टेलचं फाटक नऊला बंद होतं आणि जामठ्याहून परत येणं काय असतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. गिल खेळत असतानाच मी उठले. शेजारची पोट्टी ‘अगं, थांब ना’ म्हणत होती. ती मुलं घरी गेल्यावर फार तर बोलणी खाणार होती. माझी रात्र फाटकाबाहेर गेली असती. मुलीनं फॅन असणं थोडं महाग पडतं, एवढंच सांगून पुढं जाते.

मी चिखल्याची. तुमसर तालुक्यातलं गाव, जिल्हा भंडारा. गावाची ओळख म्हणजे मॅंगनीजची भूमिगत खाण. बाबा तिथेच कामाला आहेत. आमच्याकडे क्रिकेट खेळायचं ते कॉलनीच्या मैदानावर. टेनिस बॉल सकाळी हिरवा असतो आणि संध्याकाळपर्यंत काळा होतो, कारण मॅंगनीजची धूळ. पांढरे बूट घालून येणारा आमच्याकडे एकच असायचा, तो म्हणजे बाहेरगावच्या टीमचा पाहुणा खेळाडू.

बाबा क्रिकेट बघण्यापेक्षा ऐकणारे. पाळी संपवून आल्यावर ट्रान्झिस्टर उशाला. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय सेल बनवायला जातं, म्हणून सेल संपला की बाबा तो हातात घेऊन म्हणायचे, ‘आपल्या डोंगरीचा माल, आपल्यालेच विकतेत.’ आणि ज्या कंपनीची ही खाण, त्या मॉइलचं मुख्यालय नागपुरात काटोल रोडवर आहे. माझ्या खोलीपासून चालत जाता येईल इतकं जवळ. बाबा इतक्या वर्षांच्या नोकरीत तिथं एकदाच गेले, तेही कुठल्याशा कागदावर सही करायला.

तर २६ फेब्रुवारी. त्या दिवशी महाशिवरात्र होती. आमच्याकडे महाशिवरात्र म्हणजे गायमुखची यात्रा. भंडारा जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. सकाळीच आईचा फोन. ‘काऊन वं, यंदा गायमुखले येत नाईस का?’ मी असाइनमेंटचं कारण सांगितलं. खरं कारण २३४ रुपये. तुमसरला जायचं-यायचं भाडं काढलं तर हातात काय उरणार?

आणि त्याच दिवशी जामठ्याला रणजी ट्रॉफीची फायनल सुरू होत होती, विदर्भ विरुद्ध केरळ. तिकीट नाही. पाच दिवस फुकट.

इथं थोडं थांबून पैशांचं बोलू. कारण बाहेरगावाहून शहरात शिकायला आलेल्यांचा खरा विषय तोच असतो. खेळाच्या गप्पासुद्धा आपण खिशाकडे बघूनच मारतो.

२३४ रुपयांत पाच दिवस कसे काढायचे? नागपुरात निघतात. या शहराबद्दल माझ्या हजार तक्रारी आहेत, मेचं ऊन ही पहिली. पण उपाशी मरू देत नाही हे शहर. पहिला आधार तर्री पोहे. आमच्याकडे पोह्यांवर काळ्या चण्याची लालभडक तर्री ओततात, वर कांदा, शेव आणि सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी संबंध नाही. माझ्या कोल्हापूरच्या वर्गमैत्रिणीनं पहिल्या दिवशी ‘पोह्यांवर सांबार?’ म्हणून जे तोंड केलं होतं, ते मी विसरलेले नाही.) पोहे वीस-पंचवीस रुपयांना. गोम अशी की तर्री दुसऱ्यांदा मागितली तर बहुतेक ठेल्यांवर पैसे घेत नाहीत. म्हणून पोहे हळू खायचे, तर्री आधी संपवायची, मग प्लेट पुढं करायची. तिसऱ्यांदा मागू नये. ठेलेवाले काका काही बोलत नाहीत, पण बघतात.

दुसरा आधार शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारनं ही योजना सुरू केली. दहा रुपयांत दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. शहरात एका थाळीची किंमत पन्नास रुपये धरलेली, त्यातले चाळीस सरकार देणार. दुपारीच मिळते. पहिल्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती, कुणी कॉलेजचं दिसू नये म्हणून. माझ्या पुढं रिक्षावाले दादा होते, मागं हमाल, आणि त्यांच्या मागं आमच्याच कॉलेजचा एक सीनियर, टोपी डोळ्यांवर ओढलेला. दोघंही एकमेकांना दिसलो नाही असं आजपर्यंत चाललंय.

बाकी संध्याकाळी आलूबोंडा. फेब्रुवारी-मार्चला मृग बहाराची संत्री गाड्यांवर येतात, त्यांतली बारकी, डाग पडलेली निम्म्या भावात मिळतात आणि चवीला अजिबात कमी नसतात. सावजीच्या नादी महिनाअखेरीस लागू नये. सावजी म्हणजे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, पण आता मटणाची प्लेट आपल्या बजेटात बसत नाही. पहिल्या आठवड्यात जा, आणि गेलात तर पाटोडीचा रस्सा मागवा. स्वस्त पडतो आणि झणका तोच.

आता टीमबद्दल. २०२५ ला २२ मार्चला आयपीएल सुरू होणार होती, तेव्हा तुमच्याही ग्रुपवर शिव्यांची देवाणघेवाण सुरू झाली असेलच. मी आरसीबीवाली. हसा. २०२५ च्या मोसमाआधी तीन फायनल खेळलो होतो, २००९, २०११, २०१६, तिन्ही हरलो होतो. २०२४ ला आठपैकी सात हरून मग सलग सहा जिंकलो आणि प्ले-ऑफला जाऊन पुन्हा हरलो. माझी रूममेट चंद्रपूरची, चेन्नईची भक्त. पाच कप आहेत म्हणून घरकामात सूट मागते. मुंबईवाल्यांकडेही पाच आहेत, पण मुंबईचे फॅन मला सरकारी नोकरीतल्या जावयासारखे वाटतात, कायम आपलंच खरं. हैदराबादनं २०२४ ला आमच्याविरुद्ध २८७ धावा केल्या. त्या रात्री मी पहिल्यांदा बॉलर या जमातीबद्दल रडले. २०२५ ला आमच्याकडे अमरावतीचा जितेश शर्मा आला, ११ कोटींना. म्हणून थोडी आशा होती. ती दर वर्षी असतेच.

पण खरं विचारा, बेंगळुरूशी माझा काय संबंध? मी तिथं कधी गेलेही नाही. कोहली आवडतो, म्हणून त्याची टीम आवडते. नागपूरला स्वतःची आयपीएल टीम नाही. २०१० साली डेक्कन चार्जर्सचे काही सामने जामठ्याला झाले होते. २०१६ मध्ये पंजाबचे होणार होते, तर दुष्काळामुळं हायकोर्टानं महाराष्ट्रातले मेमधले सामने बाहेर न्यायला लावले. म्हणजे आपण विदर्भातले सगळे दुसऱ्यांच्या शहरांसाठी ओरडणारे लोक. सवय होऊन जाते.

आणि आपली टीम? ती होती की. १९५७-५८ पासून रणजी खेळत होती आणि साठ वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मग २०१७-१८ ला वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे दोन मुंबईकर, फैज फजलची कॅप्टनशिप, सेमीफायनलला कर्नाटकविरुद्ध फक्त पाच धावांनी विजय, फायनलला रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून कप. पुढच्या वर्षी पुन्हा. बाबांना यातलं सगळं पाठ आहे. पण त्यांचा खरा माणूस उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत. पोलीस भरतीत बसला नाही, २००८ ला विदर्भाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला आणि तीन वर्षांत कसोटीत. विदर्भातून कसोटी खेळणारा पहिला. ‘खाणीतल्या माणसाचं पोरगं आहे,’ एवढंच बाबा म्हणतात. कोळसा काय, मॅंगनीज काय, त्यांच्या लेखी एकच.

तर मी गेले. शंकरनगर चौकातून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची, खापरीला उतरायचं. जामठ्यापर्यंत मेट्रो जात नाही, पुढं शेअर ऑटो. ओढणीत दोन संत्री आणि बाटलीत पाणी.

पंचेचाळीस हजारांचं स्टेडियम आणि आत आम्ही मूठभर. तीन आठवड्यांपूर्वी इथं कानठळ्या बसत होत्या, आता बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येत होता. फिल्डर एकमेकांना मल्याळममध्ये काय म्हणतायत तेही ऐकू येत होतं. केरळची ही आयुष्यातली पहिली रणजी फायनल. आणि बघता बघता विदर्भ ३ बाद २४. मला वाटलं, गेले ते पैसे आणि गेला हा दिवस. तेवढ्यात दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहिले. मालेवार नागपूरचा, वय २१. माझ्याहून लहान! २१५ धावांची भागी. दुपारी मी संत्री सोलता सोलता एका आजोबांशी भांडले, कारण ते म्हणाले, ‘मुलींना टेस्टचं कळत नाही, कंटाळतात.’ संध्याकाळी त्यांनीच मला शेंगदाणे दिले. दिवसअखेर मालेवार १३८ वर नाबाद.

पुढचे दिवस कॉलेज आणि जामठा असं जमेल तसं केलं. आणि मला खरं सांगायचंय ते आदित्य सरवटेबद्दल.

सरवटे म्हणजे आपला डावखुरा फिरकीपटू. २०१९ ची फायनल याच मैदानावर झाली, सौराष्ट्राविरुद्ध, आणि त्यानं ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर, एकदा ० वर. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि बाबांनी पेपरातला त्याचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून लावला होता. तो सरवटे त्या मोसमात केरळकडून खेळत होता. त्याच मैदानावर, आपल्याविरुद्ध. केरळचे गडी जात होते आणि हा ७९ धावा करून गेला. बाद होऊन परतताना आमच्या रांगेत आधी शांतता, मग त्या शेंगदाणेवाल्या आजोबांनी टाळ्या सुरू केल्या. मागच्या पोट्ट्यांपैकी एक म्हणाला, ‘काका, तो त्यांच्याकडून हाय ना बे!’ आजोबा म्हणाले, ‘माहीत आहे.’ आणि वाजवत राहिले.

मी वाजवल्या की नाही? वाजवल्या. पण जरा उशिरा.

कारण माझं स्वतःचं एक प्रकरण चालू होतं. पुण्यातून एका ठिकाणी नोकरीचं विचारलं होतं. पगार म्हणजे पुण्याच्या खोलीचं भाडं आणि वर थोडं. ३१ मार्चपर्यंत कळवायचं. मी घरी सांगितलं होतं, पण बाबा ‘पाहू’ म्हणाले होते, आणि आमच्या घरी ‘पाहू’चा अर्थ वीस वर्षांत मला लागलेला नाही. क्रिकेटच्या हिशेबानंही ते परराज्यच. महाराष्ट्रात रणजीच्या तीन टीम आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुणं म्हणजे ‘महाराष्ट्र’. इकडच्या माणसाला हे नाव ऐकून थोडं हसू येतं. मग आम्ही कशात मोडतो?

बरं, आपल्याकडेही बाहेरचा होताच. करुण नायर कर्नाटकचा, तिथली जागा गेली, विदर्भानं घेतलं. पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्यात शतक. त्याला आम्ही ‘आपला नायर’ म्हणत होतो, पहिल्या दिवसापासून, कुणीही कागद न मागता.

२ मार्च, रविवार, शेवटचा दिवस. सकाळी सातला फोन. ‘तुमसर रोडले गाडीत बसलो.’ बाबा! सुट्टी होती, फायनल होती, फुकट होती, आणि आईनं डबा दिला होता. माझ्या पोटात गोळा. मेसचं समजलं तर?

स्टेशनावर भेटले तेव्हा हातात पिशवी, डोक्याला गायमुखचा गुलाल अजून थोडा. मी म्हटलं, आधी नाश्ता करू. ठेल्यावर नेलं. माझ्याकडे तेव्हा ६१ रुपये उरले होते, दोन प्लेटचे पन्नास दिले. काकांनी न मागता दुसरी तर्री ओतली आणि बाबांकडे बघून म्हणाले, ‘तुमची मुलगी का? रोजची आहे.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘रोजची? मंग मेस?’ मी सगळं सांगून टाकलं. कोहली, गुडघा, जर्सी, फाटक. ते ऐकत होते आणि पोहे खात होते. प्लेट संपल्यावर म्हणाले, ‘आन् तो खेळलाच नाही?’ आणि इतके हसले की ठसका लागला.

त्या दिवशी बघण्यासारखं तसं थोडंच होतं. पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२. कॅप्टन सचिन बेबी ९८ वर गेला तेव्हाच त्यांची आघाडीची आशा संपत आली होती. फायनल अनिर्णित राहिली की पहिल्या डावातल्या आघाडीवर कप मिळतो, म्हणून आता आपल्याला फक्त दिवस काढायचा होता. आम्ही पोपटाच्या शेंगांची भाजी आणि भात खात बसलो. सकाळीच करुण नायर १३५ वर यष्टिचीत झाला. बॉलर सरवटे. इकडून गेलेल्यानं तिकडून आलेल्याला काढलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवून टाळी वाजवली आणि मग आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं, ९ बाद ३७५ वर कॅप्टननी हात मिळवले, आणि विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता. हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी, आजवरचा विक्रम. अक्षय वाडकरनं कप उचलला तेव्हा आम्ही जाळीला चिकटून उभे होतो. बाबांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खाणीत बोलायची सवय असावी.

संध्याकाळी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. फाटकाला अजून दीड तास होता. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातात दिली, ‘मेसवालीले दे,’ आणि खिडकीशी जाऊन बसले. मग विचारलं, ‘पुण्यात गेलीस तं कोणाकडून ओरडशील?’

मी म्हटलं, विदर्भाकडूनच. तिथं मॅच असली की एकटी बसून ओरडीन.

‘तिकडं मॅच पाहाले तिकीट लागते का?’

‘रणजीले नाही लागत बाबा.’

‘मंग ठीक आहे,’ म्हणाले, आणि पिशवीतून उरलेली दोन संत्री काढून मला दिली.